नाव आणि टोकन नंबर

मृणाल टेंबेला आपल्या वडिलांचा संप फार आवडायचा. इतर मुलींना वडिलांच्या हातचा चहा आवडतो, त्यांचं गाणं आवडतं, हिला संप. लहानपणी जेवताना ऐकलेला, पुढे एम.ए.च्या प्रबंधात तळटिपांसकट घातलेला आणि आता भोपाळमधल्या अवधपुरीच्या कम्युनिटी हॉलमध्ये दर रविवारी सकाळी वीस-पंचवीस पोरांसमोर रंगवून सांगितलेला. सांगताना तिचा आवाज चढायचा, डोळे भरून यायचे, आणि ते भरून आलेले पोरांना दिसतायत हेही तिला कळायचं. थोडं नाटक कुठल्या शिक्षकात नसतं? पण प्रेम खरं होतं, ते नाकारून चालणार नाही.

बाकीचे दिवस ती एका सरकारी कॉलेजात इतिहास शिकवायची. हुद्दा अतिथी विद्वान. सरकारने नाव मोठं झोकदार दिलंय, पण दर सत्राला, म्हणजे दर वर्षी, नवं पत्र आलं तर ही विद्वान, नाही आलं तर घरी. बरीच वर्षं पत्र येत होतं, म्हणून ती स्वतःला नोकरीवाली समजत होती. रविवारचा वर्ग मात्र तिचा स्वतःचा, फुकटातला. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांत काम करून बाहेरून, प्रायव्हेट बी.ए. करणारी पोरं तिथे परीक्षेची तयारी करायला यायची. ती त्यांना आधी परीक्षेचं शिकवायची आणि मग हळूच आपला संप काढायची.

आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्याच्या गेटबाहेर केबलचा एक रिकामा लाकडी ड्रम पडलेला होता. संपात रोज सकाळी त्या ड्रमवर चढून कामगार बोलायचे. त्यांची एक रीत होती. बोलणाऱ्याने भाषणाआधी हजेरीच्या टाइम ऑफिसच्या खिडकीकडे तोंड करायचं आणि आपलं नाव, शॉप म्हणजे खातं आणि टोकन नंबर खणखणीत आवाजात सांगायचा. मैं दिगंबर टेंबे, वाइंडिंग शॉप, टोकन नंबर अमुक. मग पुढचं. खिडकीतला बाबू नाव टिपून घ्यायचा आणि खाली उभी असलेली माणसं टाळ्या वाजवायची.

"का सांगायचे नाव?" मृणाल वर्गाला विचारायची, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच द्यायची. "कारण नाव सांगितलं की माणूस लपलेला राहत नाही. आणि जो लपलेला नाही त्याला मालक गुपचूप उचलू शकत नाही."

मेच्या एका रविवारी हे ऐकून वरुण बारंगेने हात वर केला. वरुण मुलताईजवळच्या खेड्यातला. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि बोलताना दोन्हींची खिचडी. तो त्याच ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात, मृणालचे वडील जिथून रिटायर झाले तिथेच, वार्निशच्या खोलीत ठेकेदाराकडे कामाला होता. आधी तिथे त्याचा मोठा भाऊ दिलीप होता. कॉइल उचलून उचलून दिलीपची पाठ गेली, तो गावी जाऊन पडला आणि त्याच्या जागी वरुण आला. त्याला बी.ए. करायचं होतं, मग बी.एड., मग मास्तर व्हायचं होतं. बरखेड्यात एका क्वार्टरमागच्या खोलीत तो राहायचा. पगार होता तोवर खोली होती आणि खोली होती तोवर बी.ए. होतं.

"मॅडम, आमच्याकडे टोकन नाही ना," तो म्हणाला. "ठेकेदाराचा गेट पास असतो. महिन्या-महिन्याला बनतो. पासचा नंबर सांगितला तर चालेल का?"

"का नाही चालणार?" मृणाल म्हणाली. "नंबर तो नंबर."

विचारणारा गंभीर होता आणि सांगणारीला पुढच्या मुद्द्याकडे जायची घाई होती. तेवढाच वेळ तिने त्या प्रश्नाला दिला.

प्रश्न उगाच आलेला नव्हता. वार्निशच्या खोलीत गुंडाळलेल्या कॉइल वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजतात. भट्टीवरचा धूर ओढणारा पंखा होळीपासून बंद होता. भोपाळचा मे महिना, त्यात भट्टी, त्यात वार्निशचा वास. आदल्या आठवड्यात एक पोरगा भोवळ येऊन भट्टीच्या दाराशी पडला आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. ठेकेदाराने त्याला गावी पाठवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा आणला. पंखा तसाच.

मंगळवारी शिफ्ट बदलताना वार्निशची पोरं गेटबाहेर थांबली. ड्रम कुठला असायला आता? कोणीतरी चहावाल्याकडून एक क्रेट आणून पालथा घातला. मृणाल रस्त्यापलीकडे टपरीशी उभी होती, हातात फोन धरून. वरुण क्रेटवर चढला. आधी ऑफिसच्या काचांकडे तोंड केलं, शिकवलं होतं तसंच.

"मैं वरुण बारंगे, वार्निश सेक्शन, गेट पास नंबर..."

त्याच्यामागून आणखी पाच जण चढले. एकेकाने नाव सांगितलं, नंबर सांगितला, पंखा मागितला. गेटच्या कॅमेऱ्याने सगळं पाहिलं. टाळ्या झाल्या. मृणालला रडू आलं. हे रडू नाटकी नव्हतं. शिकवलेलं कुठेतरी पोचलंय हे शिक्षकाला आयुष्यात किती वेळा दिसतं? तिने घरी जाऊन वडिलांना व्हिडिओ दाखवायचं ठरवलं, पण दिगंबररावांचा डोळा लागला होता, म्हणून राहून गेलं.

एक तारखेला वरुणचा पास गेटवर लागला नाही. त्याने यंत्रावर पुन्हा टेकवला. लाल दिवा. मागचे लोक ओरडायला लागले, तेव्हा तो बाजूला झाला. मग दुसऱ्याचा लाल, तिसऱ्याचा लाल. सहाच्या सहा. बाकी सगळे आत गेले, त्यांच्यात टाळ्या वाजवणारेही होते. ठेकेदार गेटवर आला, पोरांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, काम कमी आहे बेटा, या महिन्यात एवढेच पास मिळाले, पुढे बघू. ना शिवी, ना दम. पोरांनी भांडायचं कोणाशी?

वरुणने फोनवर विचारलं, "मॅडम, आता चार्जशीट येईल का? तुम्ही म्हणाला होता, चार्जशीट आली की लढाई सुरू."

ते तिला बाबांना विचारायचं होतं. दिगंबर टेंबे खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होते. मूळ उज्जैनचे, पण अख्खी हयात भोपाळात गेलेली. कानाला यंत्र, पण डोकं शाबूत. त्यांच्यामागच्या भिंतीवर संपाचा फोटो होता: ड्रमवर तरुण दिगंबर, हात वर, समोर गर्दी. मृणालने सगळं सांगितलं. क्रेट, नावं, नंबर, लाल दिवा. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की बाबांनी पेन खाली ठेवलंय.

"पासवाल्यांना?" ते म्हणाले.

"त्यांनी स्वतःच ठरवलं, बाबा. मी फक्त..."

"पासवाल्यांना नाव सांगायला लावलंस तू?"

त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता.

"आम्ही नाव का सांगत होतो?" दिगंबरराव म्हणाले. "बहादूर होतो म्हणून? अगं, परमनंट होतो म्हणून. मला काढायचं तर आधी चार्जशीट, मग इन्क्वायरी, मग सुनावणी. भाषणानंतर मला हात लावला असता तर युनियनने वकील उभा केला असता की बघा, बोलल्याचा सूड घेतला. नाव सांगितल्याने आम्हाला काही होत नव्हतं, म्हणून सांगत होतो. यांना कोण चार्जशीट देणार? यांना काढावंच लागत नाही. नुसतं पुन्हा घ्यायचं नाही."

"पण तेव्हाही ठेक्याचे लोक असतील ना?"

"होते की. खलाशी, म्हणजे हेल्पर होते, माल उचलणारे होते. छत्तीसगढकडचे जास्त. ते काय," त्यांनी मान न वळवता मागच्या फोटोकडे अंगठा केला. "मागे उभे आहेत. त्यांना आम्हीच बजावलं होतं, तोंड झाकून यायचं, ड्रमजवळ फिरकायचं नाही, कोणी नाव विचारलं तर सांगायचं नाही."

मृणालने तो फोटो हजारदा पाहिला होता. प्रबंधाच्या पहिल्या पानावर छापला होता. गर्दीच्या मागच्या बाजूला डोळ्यांपर्यंत गमछे गुंडाळलेली माणसं होती, पुष्कळ होती, आणि तिने त्यांना कधी मोजलंही नव्हतं.

"तुम्ही म्हणाला होता, थंडी होती म्हणून तोंडं झाकलीत."

"थंडी होतीच. मी ते सांगितलं तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. मोठी झाल्यावर पुन्हा विचारलं नाहीस. तू आपली नेहमी ड्रमवर कोण कोण होतं तेच विचारायचीस."

"त्यांचं पुढे काय झालं? संप जिंकल्यावर?"

दिगंबररावांनी पेन उचललं, झाकण लावलं, काढलं. "मला माहीत नाही, बेटा," ते म्हणाले.

मृणालला तेव्हा आई आठवली. सुनंदाबाईंना ही ड्रमची गोष्ट कधी रुचली नाही. तुझ्या बाबांना नाव सांगायची हौस, म्हणायच्या, आणि पोळी लाटत राहायच्या. आई जाऊन आता बराच काळ लोटला होता. आईला नक्की काय म्हणायचं होतं, हे विचारायचंही राहूनच गेलं. मृणालला स्वतःचा संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

सहापैकी चौघं आठवड्याभरात गावी निघून गेले. एक जण मंडीदीपला दुसऱ्या कारखान्यात लागला. वरुण राहिला, कारण परीक्षा तोंडावर होती. मृणाल त्याला घेऊन श्रम कार्यालयात गेली. तिथला अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने पंखा चालवून दिला, पाणी मागवलं आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

"यांना काढलंच नाहीये, मॅडम," तो हिंदीत म्हणाला. "पासची मुदत संपली, एवढंच."

"नेमकी सहांचीच कशी संपली? जे बोलले त्यांचीच?"

"तेच कोणीतरी सांगायला हवं. कारखान्याबाहेरचा माणूस, जो त्या दिवशी तिथे हजर होता. त्याने आपल्या नावानिशी जबाब द्यावा की मी पाहिलं, हे बोलले, आणि बोलले त्यांचेच पास बंद झाले. मग मी ठेकेदाराला बोलावू शकतो. नुसती या मुलाची तक्रार टिकणार नाही."

वरुणने मृणालकडे पाहिलं.

"मी देते," मृणाल म्हणाली. "मी होते तिथे."

त्याच आठवड्यात प्रिन्सिपॉल वैजयंती दुबे मॅडमनी तिला चहाला बोलावलं. बाई वाईट नव्हती. बिस्किटं पुढे केली, दिगंबररावांची तब्येत विचारली आणि मग म्हणाली, "तुम्ही कुठल्या गेटवर दिसलात म्हणे. बघा, नव्या सत्राची यादी अजून वर जायची आहे. तोवर तुमचं नाव कुठे यायला नको, एवढंच. मी तुमच्या भल्यासाठी सांगते." यात खोटं काही नव्हतं. मृणालच्या पत्रावर घर चालत होतं, बाबांची औषधं चालत होती, आणि रविवारच्या हॉलचं भाडंसुद्धा त्यातूनच जात होतं.

तिने वरुणला फोन केला. "एकदा माझं पत्र हातात पडू दे," ती म्हणाली. "पत्र आलं की वर्षभर मला कोणी काही करू शकत नाही. लगेच जबाब देते. चालेल ना?"

"चालेल की, मॅडम. आरामात," वरुण म्हणाला.

हिशेब चोख होता. आधी पाय रोवून घ्यायचे आणि मग नाव सांगायचं, हा दिगंबर टेंब्यांच्या पिढीचाच हिशेब. फक्त तेवढ्या काळात वरुणने खायचं काय, हे त्या हिशेबात कुठे बसत नव्हतं. पहिल्या पंधरवड्यात तो करोंद मंडीत पोती उचलायला जायचा. मग त्याने खोली सोडली. परीक्षेच्या दिवशी तो दिसला नाही. मृणालने फोन केला तर म्हणाला, एक पेपर गेला मॅडम, बाकीचे पुढच्या साली देईन. आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मृणालला बरं वाटलं असतं. त्यानंतर त्याचा नंबर बंद लागायला लागला.

जुलैत पत्र आलं. मृणालने ते घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी, कोणाला न विचारता, जबाब लिहून काढला. मी, मृणाल दिगंबर टेंबे. खाली पत्ता, खाली कॉलेजचं नाव, खाली सही. बाबांना वाचून दाखवला. दिगंबररावांनी दोनदा मान हलवली, आणि म्हणाले, "उशीर केलास, पण केलंस." श्रम अधिकाऱ्याने कागद पाहून परत दिला आणि सांगितलं की तक्रारदाराची सहीही लागेल, मुलाला घेऊन या.

रविवारी वर्गात तिने वरुणचा ठावठिकाणा विचारला. मागच्या रांगेतली सायली म्हणाली, "वरुण ना? तो तर लागला, मॅडम. तिथेच. दुपारच्या शिफ्टला जातो, मी बघितलंय."

तिथेच! मृणालला वाटलं, म्हणजे नमले. पुन्हा घ्यावं लागलं त्यांना. तिचं मन इतकं हलकं झालं की पोरांना तिने त्या दिवशी अर्धा तास आधीच सोडलं. मग आता तक्रार आणखी पक्की झाली, पंख्याचंही बोलता येईल, ती रस्त्याने ठरवत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

सोमवारी दुपारी ती गेटवर पोचली. पाऊस थांबला होता, गेटसमोर चिखल होता, आणि ठेक्याच्या मजुरांची रांग यंत्राच्या दिशेने सरकत होती. वरुण तिला लगेच दिसला. वाळला होता. गळ्यात पासची नवी निळी दोरी होती.

"वरुण!" तिने हाक मारली. कागद धरलेला हात वर करून, पुन्हा, जोरात. "अरे वरुण!"

रांगेतले चार-पाच जण वळले. वरुण वळला नाही. फक्त त्याची मान ताठ झाली, हे तिला एवढ्या लांबूनही दिसलं.

गार्ड खुर्चीवरून उठला. त्याने आधी मृणालकडे पाहिलं, मग रांगेकडे, आणि थेट वरुणपाशी गेला. "तुझे बुला रही हैं क्या?"

"नहीं, साब," वरुण म्हणाला.

गार्डने त्याच्या गळ्यातला पास हातात घेतला, फोटोवर अंगठा घासला आणि मोठ्याने वाचलं, "दिलीप बारंगे."

"जी. दिलीप," वरुण म्हणाला.

गावी पाठ धरून पडलेल्या भावाचं नाव. भावाचे कागद, भावाचा पास, फोटो तेवढा ह्याचा. ठेकेदाराला सगळं ठाऊक असणारच. त्याला हात हवे होते आणि गप्प बसणारा माणूस हवा होता. मृणालला एका दमात सगळं उमगलं. तिच्या हातातल्या कागदावर वरुण बारंगे हे नाव तीन ठिकाणी होतं. तो कागद श्रम कार्यालयात दाखल झाला तर पहिल्यांदा याचीच मान पकडली जाणार होती. जबाब द्यायचा होता तेव्हा तिने दिला नाही. आता देणं म्हणजे पोराला दुसऱ्यांदा बाहेर काढणं.

गार्ड तिच्याकडे आला. "किसको बुला रही थीं, मैडम?"

"गलती हो गई," मृणाल म्हणाली. "दूसरे को समझी."

तिने कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली. गार्ड जात नव्हता. रांगेत वरुणने गळ्यातला गमछा वर ओढला, नाकावरून, डोळ्यांपर्यंत. वार्निशच्या खोलीत जाणारे आता सगळेच तसं करत होते. पंखा अजून बंदच होता.

"यहाँ खड़े रहना मना है," गार्ड म्हणाला. "पिछली बार भी कोई टीचर मैडम आई थीं, बड़ा बवाल हुआ था. ऊपर से ऑर्डर है, जो भी आए, नाम पूछो. क्या नाम आपका?"

यंत्राचा हिरवा दिवा लागला. वरुणने पाय आत टाकला आणि तिथेच थबकला. मागच्याने ढकललं तरी हलला नाही. तो ऐकत होता.

एवढी वर्षं ती पोरांना हेच शिकवत आली होती की नाव सांगा, खणखणीत सांगा. पत्र पर्समध्ये होतं, वर्षभर तिला कोणी काही करू शकणार नव्हतं. मृणाल टेंबे म्हटलं की गार्ड वर कळवणार, वरचे विचारणार, टीचर मॅडम कोणाला हाका मारत होती, आणि रांगेतल्या निळ्या दोरीपर्यंत पोचायला त्यांना दोन मिनिटं पुरली असती.

"सुनंदा," ती म्हणाली.

"पूरा नाम?"

"बस. सुनंदा."